महिना एक सोल्दो : पॉम्पेईचे तीर्थ उभारणारे बार्तोलो लोंगो

पॉम्पेई हे नाव उच्चारले की डोळ्यांसमोर उभे राहते ते राखेखाली गाडले गेलेले रोमन शहर. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात नष्ट झालेल्या त्या शहराचे अवशेष पाहण्यासाठी आजही जगभरातून माणसे इटलीत येतात. या अवशेषांच्या पूर्वेकडील टोकाला असलेल्या प्राचीन अँफिथिएटरपासून थोडे चालून गेले की मात्र दुसरेच पॉम्पेई लागते. प्रशस्त चौक, सुमारे ८० मीटर उंचीचा घंटामनोरा, जपमाळेच्या राणीची बॅसिलिका, तिच्या भोवती शाळा, अनाथाश्रम, छापखाना, यात्रेकरूंची निवासस्थाने. ८ मे आणि ऑक्टोबरचा पहिला रविवार या दोन दिवशी भर दुपारी बारा वाजता येथे जी प्रार्थना होते, तिच्यासाठी हा चौक माणसांनी फुलून जातो. दीडशे वर्षांपूर्वी हे दुसरे पॉम्पेई अस्तित्वातच नव्हते. ते उभे केले बार्तोलो लोंगो या वकिलाने. ते धर्मगुरू नव्हते, बिशप नव्हते, सरदार किंवा सावकारही नव्हते. ५ ऑक्टोबर १९२६ रोजी ते निवर्तले तेव्हा या वैभवातली एकही वीट त्यांच्या नावावर नव्हती.

बार्तोलो लोंगो यांचा जन्म १० फेब्रुवारी १८४१ रोजी दक्षिण इटलीत, ब्रिंडिसीजवळच्या लातियानो या गावी झाला. वडील डॉक्टर, मुलगा दहा वर्षांचा असतानाच ते वारले. फ्रांकाव्हिल्ला फोंताना येथील पियारिस्ट धर्मगुरूंच्या शाळेत शिक्षण झाले आणि पुढे कायद्याच्या अभ्यासासाठी तरुण बार्तोलो नेपल्सला गेले. इटलीच्या एकीकरणाचा तो काळ होता. पोपची राजसत्ता हा एकीकरणाच्या वाटेतला शेवटचा अडसर मानला जात होता आणि विद्यापीठांत चर्चविरोधी वारे जोरात वाहत होते. बार्तोलो त्या वाऱ्यात वाहवत गेलेच, पण तेथे न थांबता नेपल्समध्ये फोफावलेल्या प्रेतविद्येच्या नादी लागले. मृतात्म्यांना बोलावण्याच्या बैठका, दीर्घ उपवास, जागरणे यांनी त्यांची प्रकृती आणि मन दोन्ही ढासळले. त्या पंथात त्यांनी एक प्रकारचे पौरोहित्यही पत्करले होते. १८६४ च्या डिसेंबरात ते कायद्याचे पदवीधर झाले ते अशा अवस्थेत.

त्यांना या खाईतून बाहेर काढले ते विन्चेंझो पेपे या गावाकडच्या प्राध्यापक मित्राने आणि आल्बेर्तो रादेंते या दोमिनिकन धर्मगुरूंनी. १८६५ मध्ये बार्तोलो पुन्हा चर्चकडे वळले. नेपल्समधील लुदोव्हिको दा कासोरिया आणि कातेरिना व्होल्पिचेल्ली यांच्या सेवाकार्याशी त्यांचा संबंध आला. या दोघांनाही पुढे संतपद मिळाले. १८७१ मध्ये ते दोमिनिकन संघाच्या तृतीय शाखेचे, म्हणजे संसारात राहून संघाचे नियम पाळणाऱ्यांच्या शाखेचे सदस्य झाले आणि त्यांनी रोझारिओ हे नाव घेतले. गोमंतकात घरोघरी ज्याला तेर्स म्हणतात, त्या जपमाळेचेच हे नाव.

याच वर्तुळात त्यांची काउंटेस मारियाना दे फुस्को यांच्याशी ओळख झाली. काउंटेस ऐन तारुण्यात विधवा झालेल्या, पदरी पाच मुले आणि पतीच्या मागे राहिलेली जमीनजुमल्याची गुंतागुंत. त्यांतली काही जमीन व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी, पॉम्पेईच्या खोऱ्यात होती. तिची खंडवसुली आणि कागदपत्रे मार्गी लावण्यासाठी काउंटेसने या वकिलाला तेथे पाठवले. साल होते १८७२, महिना ऑक्टोबर.

त्या खोऱ्याची अवस्था समजून घेतल्याशिवाय पुढच्या कामाचे मोल कळत नाही. मलेरियाने पोखरलेला पाणथळ प्रदेश, दरोडेखोरांचा सुळसुळाट, खंडाने जमीन कसणारे निरक्षर शेतकरी. हा भाग तोरे आन्नुन्झियाता, बोस्कोरेआले, स्काफाती, ग्रान्यानो अशा शेजारच्या नगरपालिकांत वाटला गेलेला; त्यामुळे तो कुणाचाच नव्हता. रस्ता करायचा कुणी, शाळा काढायची कुणी, दिवा लावायचा कुणी, याचे उत्तर प्रत्येक नगरपालिका दुसरीकडे बोट दाखवून देई. हाकेच्या अंतरावर जुझेप्पे फियोरेल्ली यांच्या देखरेखीखाली प्राचीन शहराचे शास्त्रशुद्ध उत्खनन चालू होते. अठराशे वर्षांपूर्वी मेलेल्यांचे साचे काढून जपले जात होते. जिवंत माणसांची चौकशी मात्र कुणी करीत नव्हते. सान साल्व्हातोरे हे तेथले जुने चर्च मोडकळीस आले होते.

लोंगोंनी पुढे स्वतःच लिहून ठेवल्याप्रमाणे, आर्पाया नावाच्या भागातून चालताना प्रेतविद्येच्या दिवसांची आठवण आणि आपल्या उद्धाराविषयीची शंका त्यांना असह्य झाली. त्या क्षणी रादेंते यांचे एक जुने आश्वासन त्यांना स्मरले : जो जपमाळेचा प्रसार करील त्याला तारण मिळेल. ही जमीन सोडण्यापूर्वी येथे जपमाळ रुजवायची असा निश्चय त्यांनी केला. खंडवसुलीसाठी आलेला माणूस तेथे कायमचा राहिला.

सुरुवात फारशी आशादायक नव्हती. १८७३ च्या ऑक्टोबरात लोंगोंनी जपमाळेच्या राणीचे पहिले फेस्त भरवले, लोकांना आकर्षण वाटावे म्हणून सोडतही ठेवली. पाऊस कोसळला. बाहेरून बोलावलेले प्रवचनकार शुद्ध ग्रांथिक इटालियनमध्ये बोलले आणि नेपल्सची बोलीच जाणणाऱ्या शेतकऱ्यांना त्यातले अवाक्षर कळले नाही. पण लोंगोंचे वैशिष्ट्य असे की फसलेल्या गोष्टीतून ते हिशेब शिकत. पुढच्या वर्षी पुन्हा फेस्त झाले, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा झाले आणि दर वर्षी माणसे वाढत गेली.

१८७५ मध्ये जपमाळेचा बंधुसंघ विधिवत स्थापन करायचे ठरले. त्यासाठी तैलचित्र आवश्यक होते. नवे चित्र विकत घेण्याइतके पैसे नव्हते. रादेंते यांनी काही वर्षांपूर्वी नेपल्समधील जुन्या बाजारातून ३ लिरा ४० सेंटेसिमींना घेतलेले एक चित्र एका मठातील धर्मभगिनीकडे ठेवले होते. ते नेण्यास त्यांनी सुचवले. लोंगोंनी ते पाहिले आणि त्यांचे मन खट्टू झाले. कॅनव्हासला भोके पडलेली, रंग उडालेला आणि मारियामातेचा चेहरा रांगड्या शेतकरणीचा. धर्मभगिनीने आग्रह केला म्हणूनच त्यांनी ते घेतले. १३ नोव्हेंबर १८७५ रोजी ते चित्र चादरीत गुंडाळून एका गाडीवानाच्या गाडीतून खोऱ्यात आले. गाडीत त्या दिवशी शेणखत भरले होते. या चित्राची पुढे दोनदा डागडुजी झाली. त्यात सेंट दोमिनिकसमवेत असलेल्या सेंट रोझच्या जागी सिएनाची सेंट कॅथरिन आली ती याच दुरुस्त्यांच्या काळात. ज्या बॅसिलिकेच्या वेदीवर आज ते विराजमान आहे, त्या बॅसिलिकेचे संगमरवर पाहताना चित्राची मूळ किंमत ध्यानात ठेवलेली बरी.

लोंगोंना खरे तर जुन्या चर्चमध्ये फक्त एक वेदी हवी होती. नोलाचे बिशप जुझेप्पे फोर्मिसानो यांनी त्यांना वेगळ्याच दिशेने ढकलले. वेदीसाठी कशाला हात पसरता, या शेतात नवे चर्चच बांधा, आणि त्यासाठी प्रत्येकाकडून महिना एक सोल्दो मागा, असा त्यांचा सल्ला होता. सोल्दो म्हणजे पाच सेंटेसिमी, लिराचा विसावा भाग. या एका सल्ल्यात पुढच्या साऱ्या व्यवहाराचे बीज आहे. चर्च बांधायचे म्हणजे एखादा श्रीमंत दाता गाठायचा, ही तोवरची रीत. लोंगो आणि काउंटेस यांनी नेपल्सच्या गल्लीबोळांत दारोदार फिरून अगदी नगण्य रकमेची वर्गणी गोळा केली. दारे तोंडावर आपटली गेली. काउंटेसलाही अपमान सोसावे लागले. परंतु ज्याने दरमहा एक सोल्दो दिला, त्याला ते चर्च आपले वाटू लागले. त्याने शेजाऱ्याला सांगितले, परदेशी गेलेल्या मुलाला कळवले. एका मोठ्या देणगीने इमारत उभी राहिली असती. लाखो लहान देणग्यांनी तीर्थ उभे राहिले.

८ मे १८७६ रोजी पायाभरणी झाली. त्याच्या आधी काही आठवडे, १३ फेब्रुवारीला, नेपल्समधील क्लोरिंदा लुकारेल्ली ही अपस्माराने ग्रासलेली बारा वर्षांची मुलगी बरी झाली आणि भाविकांनी त्याचे श्रेय पॉम्पेईच्या मातेला दिले. बातमी पसरली. वर्गणीचा ओघ वाढला तो त्यानंतरच, हे मान्य करायला हवे. श्रद्धेच्या क्षेत्रात असे होतेच. महत्त्वाचे हे की, ओघ वाढल्यावर त्याला धरण घालण्याची तयारी लोंगोंनी आधीच केली होती.

नेपल्स विद्यापीठातील प्राध्यापक आंतोनियो कुआ यांनी चर्चचा आराखडा आणि बांधकामाची देखरेख विनामूल्य केली. आराखडा साधा होता : लॅटिन क्रुसाच्या आकाराचे, एकाच दालनाचे चर्च. पैसा येई तसतसे काम चढे. पंधरा वर्षे हे काम चालले आणि त्या काळात लोंगोंनी चर्चच्या भोवती जे उभे केले ते चर्चइतकेच विचार करण्याजोगे आहे. यात्रेकरू यायचे तर रस्ता हवा; पत्रे आणि मनीऑर्डरी यायच्या तर पोस्ट आणि तार हवी; दूरच्या भक्तांशी संबंध ठेवायचा तर छापखाना हवा. या प्रत्येक गोष्टीसाठी त्यांनी सरकारदरबारी खेटे घातले. अर्ज, स्मरणपत्रे, कायद्याची कलमे यांत वकिलाचा हात चालत असे. कामगारांसाठी घरे बांधली. हवामान व भूकंपांची नोंद घेणारी वेधशाळाही काढली. ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तिचे महत्त्व सांगावे लागत नसे.

७ मार्च १८८४ रोजी त्यांनी जपमाळ आणि नवे पॉम्पेई या नावाचे नियतकालिक सुरू केले. लोंगोंच्या हातातले हे सर्वांत प्रभावी साधन. कुणाला कोणता गुण आला, कुठून मदत आली, कोणते बांधकाम कुठवर पोहोचले, हे वाचकाला त्यातून कळे. अमेरिका खंडात स्थलांतरित झालेल्या इटालियन कुटुंबांपर्यंत ते पोहोचले. त्याआधी १८७७ मध्ये जपमाळेच्या पंधरा शनिवारांची पुस्तिका, १८७९ मध्ये स्वतः आजारातून उठताना लिहिलेली नोव्हेना आणि १८८३ मध्ये दुपारी बारा वाजता म्हणायची ती प्रसिद्ध विनवणी असे त्यांचे लेखन लोकांच्या तोंडी बसले होते. प्रार्थना लिहिणारा, ती छापणारा, तिच्यामुळे येणाऱ्या देणग्यांचा विनियोग करणारा आणि त्या देणग्यांतून भिंती उभारणारा एकच माणूस होता. या एकहातीपणात त्यांचे सामर्थ्य होते. पुढे अडचण उभी राहिली तीही यातूनच.

पहिली अडचण वैयक्तिक स्वरूपाची. अविवाहित वकील आणि विधवा काउंटेस वर्षानुवर्षे एकत्र काम करतात म्हटल्यावर कुजबुज होणारच. प्रकरण रोमपर्यंत गेले. तेरावे लिओ यांनी दोघांना विवाह करण्याचा सल्ला दिला आणि १ एप्रिल १८८५ रोजी तो साधेपणाने पार पडला. ब्रह्मचर्याचे व्रत दोघांनी विवाहानंतरही पाळले. कुजबुज थांबली, पण दे फुस्को घराण्याची संपत्ती आणि तीर्थाची संपत्ती यांच्यातली सीमारेषा या विवाहाने अधिकच पुसट झाली. हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आले असेल असे दिसत नाही.

८ मे १८८७ रोजी चित्राला मुकुट चढवण्यात आला. त्याच सुमारास अनाथ मुलींचा आश्रम सुरू झाला. ७ मे १८९१ रोजी कार्दिनल मोनाको ला व्हालेत्ता यांच्या हस्ते चर्चचा अभिषेक झाला. चर्च पूर्ण झाले. एखाद्या सामान्य संस्थापकाने येथे विश्रांती घेतली असती. लोंगोंनी दुसऱ्याच वर्षी, १८९२ मध्ये, कैद्यांच्या मुलांसाठी वसतिगृहाची उभारणी सुरू केली.

ही गोष्ट त्या काळात किती धाडसाची होती ते समजण्यासाठी चेझारे लोंब्रोझो यांचे नाव आठवावे लागते. ज्या १८७६ साली पॉम्पेईच्या चर्चचा पाया घातला गेला, त्याच साली लोंब्रोझो यांचा गुन्हेगार मनुष्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. गुन्हेगारी ही बहुतांशी जन्मजात असते, कवटीच्या ठेवणीवरूनही ती ओळखता येते, असे मांडणारा हा संप्रदाय इटलीत कमालीचा प्रतिष्ठित होता. खुन्याचा मुलगा खुनीच निघणार, त्याच्यावर पैसा खर्च करणे व्यर्थ, असा निष्कर्ष त्यातून सहज निघे. लोंगोंनी वादविवादात शाई घालवली, पण त्यांचे खरे उत्तर वेगळे होते. त्यांनी मुले आणली. त्यांना छापखान्यात अक्षरजुळणी शिकवली, पुस्तकबांधणी शिकवली, सुतारकाम शिकवले. त्यांचा वाद्यवृंद उभा केला. तुरुंगातल्या बापांशी मुलांचा पत्रव्यवहार चालू ठेवला. मुलांच्या वर्तणुकीचे आणि प्रगतीचे अहवाल त्यांनी नियतकालिकातून प्रसिद्ध केले, म्हणजे ज्या शास्त्राने त्या मुलांना निकालात काढले होते त्याच्यापुढे त्यांनी नोंदी ठेवल्या. तीर्थस्थानाच्या उत्पन्नातून कैद्यांची मुले शिकवावीत, ही कल्पना सगळ्याच भाविकांना रुचली असेल असे नाही. देणगी मातेच्या वेदीसाठी दिली होती, ती तुरुंगातल्या माणसाच्या पोरावर का खर्चावी? लोंगोंच्या दृष्टीने मात्र या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. १८९७ मध्ये आश्रमातील मुलींच्या संगोपनासाठी त्यांनी पॉम्पेईच्या जपमाळेच्या कन्या हा धर्मभगिनींचा संघ स्थापन केला.

आता मालकीच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. देवस्थानाची मालमत्ता कुणाची हा प्रश्न गोव्याच्या वाचकाला नवा नाही. महाजनांची देवळे असोत वा चर्चची फाब्रिका, या प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या डोकी तापली आहेत. इटलीत तो आणखी बिकट होता. १८६६-६७ च्या कायद्यांनी नव्या राज्याने धर्मसंघांची मान्यता काढून घेऊन त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली होती. अशा परिस्थितीत चर्चच्या नावावर नवी इमारत उभारणे जोखमीचे होते. खाजगी व्यक्तीच्या नावावर जमीन असेल तर सरकारला हात घालता येत नसे. म्हणून तीर्थाची जमीन आणि इमारती कागदोपत्री लोंगो दांपत्याच्या नावावर राहिल्या. सरकारपासून संरक्षण मिळाले, पण दुसरे संकट ओढवून घेतले : उद्या हे दोघे वारले, तर लाखो लोकांच्या सोल्दोंतून उभे राहिलेले हे सारे काउंटेसच्या मुलांचा वारसाहक्क ठरणार होते.

लोंगो स्वतः वकील असल्याने हा धोका त्यांना पुरेपूर माहीत होता. त्यांनी तीर्थ तेराव्या लिओंना अर्पण केले आणि १८९४ पर्यंत ते पोपच्या थेट अधिकारात आले. चर्चचा हा प्रश्न सुटला. भोवतालच्या संस्था आणि रोजचा पैशाचा कारभार मात्र लोंगो व काउंटेस यांच्याच हाती राहिला.

यानंतरची काही वर्षे त्यांच्या आयुष्यातली सर्वांत यशस्वी वर्षे म्हणावी लागतील. कुआ यांच्यानंतर जोव्हान्नी रिस्पोली यांच्याकडे सजावट आणि दर्शनी भागाचे काम आले. हा दर्शनी भाग जागतिक शांतीचे स्मारक व्हावा अशी लोंगोंची इच्छा होती. त्यांनी देशोदेशीच्या लोकांकडून शांतीच्या बाजूने स्वाक्षऱ्या मागवल्या आणि त्या लाखोंच्या संख्येने आल्या. कारारा संगमरवरातील मारियामातेची मूर्ती माथ्यावर आणि तिच्या पायाशी शांती हा एकच लॅटिन शब्द. ५ मे १९०१ रोजी त्याचे अनावरण झाले आणि त्याच वेळी चर्चला पोपच्या बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. युरोपातील सरकारे तोफा ओतत असताना खेड्यातले एक चर्च शांतीसाठी स्वाक्षऱ्या गोळा करीत होते. पुढे १९१५ मध्ये इटली महायुद्धात उतरली तेव्हा तो शब्द तेथेच, त्याच जागी होता.

तेरावे लिओ १९०३ मध्ये वारले. नवे पोप दहावे पायस यांच्याकडे तक्रारींचा ओघ सुरू झाला. कारभारात गोंधळ आहे, तीर्थाचा पैसा आणि घरचा पैसा एकमेकांत मिसळला आहे, असा आरोपांचा रोख होता. लोंगोंनी स्वतःसाठी काही ठेवले असे सिद्ध झाले नाही. पण एवढे म्हणून हा विषय संपवणे त्यांच्या चरित्रकारांना सोपे गेले आहे, आणि ते पुरेसे नाही. तीस वर्षे एकाच माणसाच्या शब्दावर चाललेल्या संस्थेत कोणता पैसा कोणत्या खात्यातला, कोणते कर्ज कुणाचे, हे बाहेरच्या तपासनिसाला पटेल अशा रीतीने दाखवणे कठीण होऊन बसते. कुटुंब आणि संस्था एकाच छपराखाली असतील तर ते जवळजवळ अशक्य होते. लोंगोंचा प्रामाणिकपणा संशयातीत होता. त्यांची व्यवस्था तशी नव्हती. हा भेद त्यांना उशिरा उमगला, पण उमगल्यावर त्यांनी जे केले ते फार थोड्या संस्थापकांना जमते.

१९०६ हे साल खोऱ्याला दोन्ही अंगांनी भाजणारे ठरले. एप्रिलमध्ये व्हेसुव्हियसचा मोठा उद्रेक झाला. लाव्ह्याने बोस्कोत्रेकासे उद्ध्वस्त केले आणि तोरे आन्नुन्झियाताच्या दफनभूमीपर्यंत त्याची धार येऊन ठेपली. पॉम्पेईचे तीर्थ बचावले. त्याच वर्षी लोंगो दांपत्याने उरलेल्या सर्व संस्था, इमारती आणि त्यांचा कारभार पोपच्या स्वाधीन केला. अट घातली नाही, आजीव अध्यक्षपद मागितले नाही. पासष्ट वर्षांचा संस्थापक आपल्याच संस्थेत अधिकारहीन झाला. कारभार पाहण्यासाठी रोमहून प्रतिनिधी आला. कैद्यांच्या मुलांचे शिक्षण १९०७ मध्ये ख्रिस्ती शाळाबंधूंच्या संघाकडे सोपवण्यात आले.

लोंगो दहाव्या पायसना भेटले तेव्हा आपण आता मरायला मोकळे झालो का, असे त्यांनी विचारले. त्यावर पोपनी त्यांना मरायचे नाही, काम करायचे आहे असे सांगितले, असा प्रसंग त्यांच्या चरित्रांत येतो. त्यांनी तेच केले. वीस वर्षे ते नियतकालिकासाठी लिहीत राहिले, पत्रांना उत्तरे देत राहिले. जो छापखाना, जी घरे, जी शाळा स्वतः उभी केली, तेथे दुसऱ्याच्या परवानगीने वावरण्यात कमीपणा न मानणारा माणूस विरळा. १९१२ मध्ये आरिस्तिदे लेओनोरी यांच्या आराखड्याप्रमाणे घंटामनोऱ्याचे काम सुरू झाले, महायुद्धामुळे रेंगाळले आणि १९२५ मध्ये पूर्ण झाले. १९२२ मध्ये कैद्यांच्या मुलींसाठी आश्रम सुरू झाला. मुलांच्या आश्रमानंतर तब्बल तीस वर्षांनी ती उणीव भरून निघाली. कारभार हाती नसतानाही या कामासाठी ते शब्द टाकत राहिले होते.

९ फेब्रुवारी १९२४ रोजी काउंटेस मारियाना निवर्तल्या. लोंगोंना तीस वर्षांपूर्वी ज्या संकटाची चाहूल लागली होती ते तेव्हा प्रत्यक्ष समोर आले. वारसांचा वाद उभा राहिला. तीर्थ आणि संस्था सुरक्षित होत्या, कारण त्या आधीच देऊन टाकलेल्या होत्या. वृद्ध बार्तोलोंच्या डोक्यावरचे छप्पर मात्र तसे नव्हते. त्र्याऐंशी वर्षांचे लोंगो काही काळ लातियानोला, आपल्या जन्मगावी नातेवाइकांकडे जाऊन राहिले. १९२५ मध्ये ते पॉम्पेईला परतले. अखेरच्या दुखण्यात त्यांना तपासायला नेपल्सचे डॉक्टर जुझेप्पे मोस्काती येत असत, ज्यांना पुढे १९८७ मध्ये संतपद देण्यात आले. ५ ऑक्टोबर १९२६ रोजी, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी लोंगोंची प्राणज्योत मालवली आणि त्यांना त्यांच्याच चर्चमध्ये विसावा मिळाला.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, शेजारच्या नगरपालिकांत विखुरलेले ते खोरे एकत्र करून पॉम्पेई ही स्वतंत्र नगरपालिका सरकारने स्थापन केली. ज्या प्रदेशाला ना नाव होते ना धनी, त्याला तीर्थामुळे दोन्ही मिळाले. स्थानिक रेल्वेवरील स्थानकाच्या नावातही आज पॉम्पेईसोबत तीर्थाचा उल्लेख आहे. यात्रेकरू वाढले तसे कुआ यांचे एका दालनाचे चर्च अपुरे पडू लागले. १९३४ ते १९३९ या काळात स्पिरितो मारिया क्याप्पेत्ता या वास्तुविशारद धर्मगुरूंच्या आराखड्यानुसार ते तीन दालनांचे करण्यात आले आणि ५७ मीटर उंचीचा नवा घुमट चढला.

दुसऱ्या जॉन पॉल यांनी २६ ऑक्टोबर १९८० रोजी लोंगोंना धन्य घोषित केले आणि २००२ मध्ये जपमाळेविषयीच्या आपल्या पत्रात त्यांचे स्मरण केले. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी चौदाव्या लिओंनी त्यांना संतपद दिले. हे पोप निवडले गेले तो दिवस ८ मे होता. पॉम्पेईच्या चौकात त्या दुपारी बारा वाजता नेहमीप्रमाणे लोंगोंनी लिहिलेली विनवणी म्हटली गेली होती.